प्रत्ययाला कान असतो

जग ज्याला बुडापेस्ट म्हणतं, ते शहर मुळात एक नव्हतंच. डॅन्यूबच्या पश्चिम काठावर डोंगराळ बुदा, तिच्या उत्तरेला ओबुदा आणि पूर्वेच्या सपाटीवर पेश्त. १८७३ साली या तिघांचं एक शहर झालं, पण तिथल्या माणसाला नदी ओलांडताना आजही प्रत्यय बदलावा लागतो. पश्चिमेला निघाला तर तो 'बुदारा' जातो, पूर्वेला निघाला तर 'पेश्त्रे'. आपल्या 'पुण्याला' या शब्दात 'ला' जे काम करतो, तेच काम इथे एका काठावर 'रा' करतो आणि दुसऱ्या काठावर 'रे'.

दोन काठांना जोडणारा पहिला कायमचा पूल म्हणजे साखळी पूल. तो १८४९ मध्ये खुला झाला. पुलाला हंगेरियनमध्ये 'हीद' म्हणतात. नियम पाहिला तर पुलावर जायला 'हीद्रे' म्हणायला हवं. पण सगळे 'हीदरा' म्हणतात, चार वर्षांचं पोरही. त्याला कुणी कारण विचारलं तर सांगता येणार नाही, आणि चूकही होणार नाही.

हे 'रा' आणि 'रे' कसे ठरतात, हे समजायला व्याकरणाचं पुस्तक लागत नाही. वाचकाने आधी 'ऊ' म्हणावं, मग 'ई'. 'ऊ'ला जीभ मागे जाते, 'ई'ला पुढे येते. हंगेरियनमध्ये चौदा स्वर आहेत आणि जिभेच्या या जागेवरून त्यांचे दोन गट पडतात. अ, आ, ओ, उ हे आपापल्या दीर्घांसह मागचे. ए आणि इ पुढचे. (हंगेरियन ऱ्हस्व 'अ' ओठ गोल करून, 'ऑ'कडे झुकवून म्हणतात, देवनागरीत तो इथे जमेल तसा लिहिला आहे.) शब्दात मागचे स्वर असतील तर प्रत्ययही मागच्या स्वराचा, पुढचे असतील तर पुढचा. घर म्हणजे 'हाझ', म्हणून घरात 'हाझबन'. बाग म्हणजे 'केर्त', म्हणून बागेत 'केर्तबेन'. याला भाषाशास्त्रात स्वरसंवाद म्हणतात. नाव चांगलं आहे, कारण प्रत्यय इथे खरोखरच आपल्याआधी काय बोललं गेलं ते ऐकतो आणि त्याच सुरात पुढे बोलतो.

मराठीत नसलेला एक तिसरा प्रकारही आहे. जीभ 'ए'च्या जागी ठेवायची आणि ओठ मात्र 'ओ'सारखे गोल करायचे. या स्वराला देवनागरीत चिन्ह नाही; इथे तो 'यो' असा लिहिला आहे. 'जवळ, पर्यंत' या अर्थाच्या प्रत्ययाला या ओठांचीही दखल घ्यावी लागते. खिडकीजवळ जायचं तर 'अब्लकहोझ', बागेजवळ 'केर्तहेझ', जमिनीजवळ 'फ्योल्दह्योझ'. प्रत्यय एक, रूपं तीन.

मराठी माणसाला यात नवल वाटायला हवं ते एका वेगळ्याच गोष्टीचं. आपल्याकडे प्रत्यय लागला की वाकतो तो मूळ शब्द. पाऊस 'पावसात' होतो, मूल 'मुलाला' होतं, रस्ता 'रस्त्यावर' होतो, विहिरीतली दीर्घ वेलांटी ऱ्हस्व होते. 'त', 'ला', 'वर' मात्र जागचे हलत नाहीत. शाळेत सामान्यरूप म्हणून जे शिकवतात ते हेच. हंगेरियनमध्ये बहुतेक वेळा याच्या उलट घडतं. 'हाझ' हाझच राहतं, 'केर्त' केर्तच राहतं, आणि येणारा प्रत्यय स्वतःला बदलून घेतो. मूळ शब्द अजिबात बदलत नाही असं नव्हे. बुदाच्या शेवटचा ऱ्हस्व स्वर प्रत्ययापुढे दीर्घ होतो. पण मुख्य ओझं प्रत्यय उचलतो. आणि तो एकटा नसतो. 'माझ्या घरांत' हे दोन शब्द तिथे एका 'हाझइमबन'मध्ये मावतात: घर, ते कुणाचं तरी आहे याची खूण, अनेकवचन, 'माझं', आणि शेवटी 'आत'. या माळेतला शेवटचा मणीही पहिल्या 'आ'कडे पाहून आपला रंग ठरवतो.

हे सगळं आलं कुठून, याचा पुरावा कागदावर आहे, आणि तो पाहिला की अंगावर काटा येतो. बालाटोन तलावाच्या काठी तिहानी नावाचं गाव आहे. तिथल्या मठाची सनद राजा पहिला आंद्राश याने १०५५ साली दिली. सनद लॅटिनमध्ये आहे, पण जमिनीच्या हद्दी सांगताना लेखनिकाला गावकऱ्यांचेच शब्द वापरावे लागले. त्यात 'रस्त्यावर' या अर्थी 'उतु रेआ' असे दोन शब्द येतात. आज तेच 'ऊत्रा' आहे. म्हणजे पुलावर, बुदाला, पेश्तला जाताना लागणारा हा 'रा-रे' साडेनऊशे वर्षांपूर्वी स्वतंत्र शब्द होता. तो मूळ शब्दाशेजारी उभा राहत होता, त्याचं ऐकत नव्हता. 'बन-बेन'ही असाच, पोटाला, आतड्याला जो जुना शब्द आहे त्यातून तो निघाला. घरात म्हणजे घराच्या पोटात. मराठी कानाला ही कल्पना मुळीच परकी नाही.

तिहानीनंतर साधारण १४० वर्षांनी, ११९०च्या दशकात, अंत्यविधीच्या वेळी म्हणायचं एक प्रवचन लिहिलं गेलं. पूर्ण, सलग असा तो सर्वांत जुना हंगेरियन मजकूर आहे, किंबहुना त्या संपूर्ण भाषाकुळातला सर्वांत जुना. प्राय कोडेक्स नावाच्या हस्तलिखितात तो आहे आणि ते बुडापेस्टच्या सेचेनी राष्ट्रीय ग्रंथालयात जपून ठेवलं आहे. त्यात 'मृत्यूला' या अर्थी 'हलालनेक' असं रूप सापडतं. आजची भाषा 'हलालनक' म्हणते, कारण 'हलाल'मध्ये मागचे स्वर आहेत. नंदनवनात या अर्थी तिथे 'बेन' आहे, आज तिथे 'बन' हवा. प्रत्यय शब्दाला चिकटले होते, पण त्यांचा कान अजून तयार झाला नव्हता. पुढच्या पिढ्यांनी बोलता बोलता तो तयार केला. कुठल्या राजाने फर्मान काढलं नाही, कुठल्या मंडळाने ठराव केला नाही. (ते नंदनवन, 'परदिचोम', आजच्या हंगेरियनमध्ये टोमॅटोचंही नाव आहे, भाजीवाल्याकडे रोज मागितलं जातं.)

'हीदरा'चं कोडंही अशाच जुन्या काळात सुटतं. पूर्वी या भाषेत मागच्या जागेवरून उच्चारला जाणारा आणखी एक 'ई' होता, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. तो हळूहळू साध्या 'ई'त मिसळून गेला. मात्र ज्या शब्दांत तो होता, त्यांना लागणारे प्रत्यय बदलले नाहीत. पूल, बाण, 'लिहिणे' हे क्रियापद, असे काही डझन शब्द आजही मागचेच प्रत्यय घेतात. आवाज गेला, पण तो ऐकलेले प्रत्यय मागे राहिले.

आता या विषयातला सर्वांत बोलका भाग. 'मला माहीत असतं तर', 'मी केलं असतं' अशा संकेतार्थी रूपांना हंगेरियनमध्ये 'नाक' किंवा 'नेक' लागायला हवा, शब्दाचा स्वर पाहून. 'जाणणे' म्हणजे 'तुद'. त्यात 'उ' आहे, म्हणजे 'मी जाणलं असतं'चं नियमाने होणारं रूप 'तुदनाक'. पण प्रमाण भाषेत 'मी'साठी 'तुदनेक'च म्हणावं लागतं, कारण 'तुदनाक' हे रूप 'त्यांनी ते जाणलं असतं' या अर्थासाठी राखून ठेवलेलं आहे. खेड्यापाड्यांत अनेक जण स्वतःबद्दल बोलतानाही 'तुदनाक' म्हणतात. या सवयीला हंगेरियनमध्ये चक्क एक नाव आहे, 'नाकोलाश'. शाळेत त्यासाठी पोरांना टोकलं जातं, मुलाखतीत असं बोलणाऱ्याला अडाणी समजलं जातं. आणि तो करत काय असतो? आपल्या भाषेचा सर्वांत खोलवरचा नियम पाळत असतो. अपवाद प्रमाण भाषेने केला आहे, नियमाशी इमान खेड्याने राखलं आहे. प्रमाण रूप असावं, त्याची गरज असते, यात वाद नाही. पण त्याच्या नावाखाली एखाद्याच्या बोलण्याला अशुद्ध म्हणण्याआधी त्या बोलण्यातलं व्याकरण तपासायला हवं. हे फार थोड्या ठिकाणी होतं.

शब्दांच्या उसनवारीबद्दलही हंगेरियन भाषा एक धडधडीत पुरावा हाती देते. ही भाषा युरोपच्या मधोमध आहे, पण तिचे शेजारी तिचे नातेवाईक नाहीत. तिची जवळची भावंडं, खांती आणि मानसी, पश्चिम सायबेरियात. दूरची, फिनिश आणि एस्टोनियन, बाल्टिकच्या काठी. हजारभर वर्षं स्लाव्ह, जर्मन, तुर्की आणि लॅटिन बोलणाऱ्यांच्या गराड्यात राहून तिने शब्द घेतले नसते तरच नवल. टेबल म्हणजे 'अस्तल', मूळ स्लाव्ह. सफरचंद 'अल्मा', मूळ तुर्की. शाळा 'इश्कोला', मूळ लॅटिन; सुरुवातीला 'इ' जोडून घेण्याची तऱ्हा आपल्याकडच्या 'इस्कूल'सारखीच.

हंगेरियन लोक आपल्या भाषेतला सर्वांत लांब शब्द म्हणून कौतुकाने एक चव्वेचाळीस अक्षरांचा शब्द सांगतात. तुकडे पाडून तो असा: मेग-सेन्त-शेग-तेलेन-ईत-हेत-एत्लेन-शेग-एश-केद-एश-एइ-तेक-एर्त. 'जणू आपल्याला कधीच कुणी विटाळू शकणार नाही, अशा तुमच्या वागण्यांपायी' असा काहीसा त्याचा अर्थ. रोजच्या बोलण्यात तो कुणी वापरत नाही. पण त्याच्याकडे जवळून पाहण्यासारखं आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही मागचा स्वर नाही. सगळी माळ ए आणि ई यांची. आणि या माळेचा गाभा जो 'सेन्त', म्हणजे पवित्र, तो शब्द स्लाव्ह भाषांतून आलेला आहे. जो शब्द हंगेरियनपणाचा नमुना म्हणून मिरवला जातो, त्याचं मूळच परकं आहे. त्याला हंगेरियन बनवलं ते आजूबाजूच्या तेरा तुकड्यांनी.

आजही हेच चालू आहे. फेसबुकवर वेळ घालवणं म्हणजे 'फेस्बुकोझिक', ईमेल करणं 'ईमेलेझिक', लाटांवर स्वार होणं किंवा इंटरनेटवर भटकणं 'स्योर्फ्योझिक'. ओझिक, एझिक, ओठ गोल केलेला योझिक: तिन्ही रूपं हजर. पसंतीचा अंगठा दाखवणं 'लायकोल', माऊसची कळ दाबणं 'क्लिक्केल'. शब्द इंग्रजी असेल, पण तो उंबरठा ओलांडून आत आला की त्याला या घरच्या रीतीनेच बसावं लागतं.

काही शब्दांपाशी मात्र बोलणारेही घुटमळतात. 'हॉटेल'मध्ये आधी मागचा 'ओ', मग पुढचा 'ए'. हॉटेलात म्हणायला कुणी 'होतेलबन' म्हणतं, कुणी 'होतेलबेन'. आग्नेश नावाच्या मुलीला काही द्यायचं तर 'आग्नेशनक' आणि 'आग्नेशनेक' दोन्ही चालतात. अशा ठिकाणी नियम मोडतो, असं वरवर वाटेल. ब्रूस हेज आणि झुझा चिराकी लोंडे या भाषाशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये यावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी हंगेरियन भाषकांपुढे अस्तित्वातच नसलेले, बनावट शब्द ठेवले आणि त्यांना प्रत्यय लावायला सांगितलं. उत्तरं एकसारखी आली नाहीत. पण ज्या प्रकारच्या खऱ्या शब्दांत 'नक-नेक'ची जोडी ज्या प्रमाणात विभागली जाते, साधारण त्याच प्रमाणात बनावट शब्दांतही ती विभागली गेली. म्हणजे लोकांच्या डोक्यात नुसता नियम नाही, त्या नियमाला कुठे किती सूट आहे याचा हिशोबही आहे. कुणी शिकवलेला नाही, कुणी मांडलेला नाही, तरी चोख. शाळेतल्या व्याकरणाच्या तासाला कंटाळलेल्या प्रत्येक पोराला ही गोष्ट एकदा तरी सांगायला हवी.

भाषेची ओळख शब्दांत शोधायची की प्रत्ययांत, हा प्रश्न हंगेरियनांना फार जुना आहे. शामुएल द्यार्मथी याने १७९९ मध्ये ग्योटिंगेनमध्ये हंगेरियन आणि फिनिश कुळातल्या भाषांचं नातं दाखवणारा ग्रंथ छापला. त्याच्या लॅटिन नावातच 'व्याकरणाने सिद्ध केलेलं' असं म्हटलं आहे. एकसारख्या वाटणाऱ्या शब्दांच्या याद्या करून भाषांची नाती जोडण्याच्या त्या काळात त्याने प्रत्यय आणि रूपं तपासली. पुढे त्याच ग्योटिंगेनमध्ये शिकलेला क्योरोशी चोमा शांदोर आपल्या लोकांचं मूळ शोधत पायी आशियात निघाला आणि लडाख-झंस्करला पोचला. मूळ त्याला सापडलं नाही. पण तिबेटी भाषेचा कोश आणि व्याकरण त्याने सिद्ध केलं, ते १८३४ मध्ये कोलकात्यात छापलं गेलं. १८४२ साली दार्जिलिंगमध्ये तो वारला. त्याची समाधी तिथेच आहे. ज्या मातीत तो नातं शोधत होता तिथे ते नव्हतं, पण त्याच्या कष्टांनी एका दुसऱ्याच भाषेचं दार जगाला उघडलं.

मराठीबद्दलची आपल्याकडची चर्चा मात्र बहुतेक वेळा शब्दमोजणीवर येऊन थांबते. या वाक्यात इंग्रजी शब्द किती, त्या जाहिरातीत किती. ही चिंता खोटी नाही, पण ती चुकीच्या जागी पहारा देते. 'तारीख' अरबीतून आली आणि 'तारखेला' झाली. 'वकील' आला आणि 'वकिलाला' झाला. 'जमीन' फारसीतून येऊन 'जमिनीत' रुजली. बँकेत, कोर्टात, मोटारीत हे शब्द कानाला जराही टोचत नाहीत, कारण त्यांनी सामान्यरूप स्वीकारलं. जोवर येणाऱ्या शब्दाला आपण आपल्या रीतीने वाकवतो, तोवर तो कुठून आला याने फारसं बिघडत नाही.

बिघडतं ते दुसरीकडे. 'टेबलावर'चं 'टेबलवर' होतं, 'सायकलीवरून'चं 'सायकलवरून' होतं. तिथवर एक वेळ चालेल; भाषा बदलते. पण 'ठाण्याला' न म्हणता 'ठाणेला' म्हणणारी मुलं आता शहरांत सर्रास भेटतात. दुकानांच्या पाट्यांवर, फोनवरच्या संदेशांत 'पुणे मध्ये', 'महाराष्ट्र चे' असं तोडून लिहिलेलं दिसतं. 'मध्ये'ला निदान स्वतंत्र शब्दाचं घराणं आहे. 'चे'ला तेही नाही. हंगेरियन 'रेआ' १०५५ मध्ये वेगळा उभा होता आणि पुढे शब्दात मिसळून गेला. आपण मिसळलेले प्रत्यय उलट सोडवून बाजूला ठेवू लागलो आहोत. इंग्रजी शब्द आल्याने मराठी जेवढी हलते, त्याहून पुष्कळ जास्त ती पुण्याचं 'पुणे मध्ये' झाल्याने हलते.

आणि इथेही नाकोलाशची आठवण होतेच. 'हापिसात', 'ठेसनावर', 'इस्टुलावर' म्हणणाऱ्या गावाकडच्या माणसाला शहरात हसतात. त्याने परका शब्द घेतला, आपल्या जिभेला सोसेल असा केला, आणि सामान्यरूप करून रीतसर प्रत्यय लावला. 'ऑफिसमध्ये' म्हणणाऱ्याने शब्दाला हातच लावला नाही. मराठीच्या पाठ्यपुस्तकांनी, बातम्या देणाऱ्यांनी आणि पाट्या रंगवणाऱ्यांनी या माणसाकडून शिकण्यासारखं बरंच आहे. सामान्यरूप पाचवीच्या परीक्षेतला एका गुणाचा प्रश्न म्हणून न शिकवता, वर्गात दहा नवे शब्द देऊन मुलांना तोंडी बोलायला लावून शिकवलं, तर त्यांच्या जिभेवर काय आधीपासून आहे ते त्यांनाच ऐकू येईल. 'फाईल'चं 'फायलीत' करणारी मुलं प्रत्येक वर्गात निघतात.

हंगेरियनांच्या प्रत्ययांत त्यांचा नकाशाही आहे. देशातल्या बहुतेक गावांना जाताना 'रा-रे' लागतो, परदेशातल्या गावांना 'बा-बे', म्हणजे 'आत'. व्हिएन्नाला जाणारा 'बेच्बे' जातो. नियमाला गळती आहेच; देब्रेत्सेन आणि द्योर हंगेरीतच असून 'बे' घेतात. पण १९२०च्या त्रियानों तहानंतर रुमानियात गेलेल्या क्लुजला, जुन्या कोलोझ्वारला, हंगेरियन माणूस आजही 'कोलोझ्वाररा'च जातो. सीमा शंभर वर्षांपूर्वी हलली, प्रत्यय हलला नाही.

आपली शहरं त्यांच्यासाठी अर्थातच परदेशी. दिल्लीला जायचं तर 'देल्हिबे'. दोन्ही स्वर पुढचे, घुटमळायला जागाच नाही. मुंबईच्या शेवटी 'इ' आहे, तोही पुढचाच. पण 'इ'चं या भाषेत फारसं चालत नाही. त्याच्या आधीच्या मागच्या स्वरांचं चालतं. म्हणून बुडापेस्टहून विमानात बसणारा माणूस, हे नाव आयुष्यात पहिल्यांदा उच्चारत असला तरी, क्षणभरही न थांबता म्हणतो: मुंबाइबा.